रोपांचा रकाना

श्रीपादराव टोणगावकरांनी उभ्या आयुष्यात ओकचं झाड पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते त्याचं फळ, आग्र्याला एम.एस्सी. करत असताना, आणि तेही स्पिरिटच्या बाटलीत तपकिरी पडलेलं. तरी उज्जैनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला ओकच्या जंगलांची जेवढी माहिती होती, तेवढी शिप्रेकाठच्या बाभळींचीही नव्हती. याला कारण एक पुस्तक. इंदूरला जुन्या बाजारात ते त्यांच्या हाती लागलं होतं. कुठल्याशा परदेशी प्राध्यापकाने कोरड्या, ठेंगण्या टेकड्यांवरच्या मिश्र ओकवनांवर लिहिलेला तो जाडजूड ग्रंथ होता. कोणत्या उतारावर ओकच्या शेजारी कोणतं झाड उभं राहतं, त्या झाडाखाली कोणतं झुडूप बसतं आणि झुडुपाखाली कोणतं गवत लोळतं, याचे त्यात तक्ते होते. माधवनगरातल्या आपल्या आळीत कोण कोणाच्या शेजारी राहतं हे श्रीपादरावांना नीट सांगता आलं नसतं. पण ओकचा शेजार त्यांना तोंडपाठ होता.

"सवतीचं नाव तरी काय म्हणायचं?" विनोदिनीबाई विचारायच्या.

"ओक," श्रीपादराव प्रामाणिकपणे सांगायचे, आणि विनोदिनीबाई कपाळाला हात लावायच्या.

छप्पन सालच्या चैत्रात फ्रीगंजात टावरच्या खाली कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. भय्यासाहेब पोतनीस. शाळेतले सोबती. यांचे पणजोबा शिंदेशाहीत पोतनिशी करत होते, आणि भय्यासाहेब मध्यभारत सरकारच्या महसूल खात्यात जमिनीच्या बंदोबस्ताचे अधिकारी होते. हातात कचोरीचा द्रोण.

"श्रीपाद! यार, तू झाडंवाला ना? मग माझं एक काम कर. सालरखेडीची टेकडी माहीत आहे? उन्हेलच्या रस्त्याला."

"एकदा मुलांना घेऊन गेलो होतो. हिवाळ्यात. गवत कमरेइतकं होतं."

"तीच. ठाकुराची होती. जागिरी गेल्या, टेकडी सरकारजमा झाली. आता भानगड अशी की जंगल खातं म्हणतं आम्हाला द्या, आणि दुसरीकडे चंबळेच्या धरणात ज्यांची गावं बुडणार आहेत ते म्हणतात आम्हाला जमीन द्या. साहेबांचं म्हणणं, जंगल जिवंत असेल तर जंगल खात्याला, मरायला टेकलेलं असेल तर तोडून वाटून टाका. पण ते ठरवायचं कोणी? मला तर पळस आणि पिंपळातला फरक कळत नाही. शास्त्राच्या माणसाचा कागद पाहिजे. तुला मे महिन्यात सुट्टी असतेच. घे कचोरी."

श्रीपादरावांनी कचोरी घेतली आणि खायला विसरले. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. जमेल का आपल्याला, हा प्रश्न अर्थातच आधी आला. पण त्याच्या मागोमाग पुस्तकातला तक्ता डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यात ओकच्या जागी सालई होती.

वैशाखात ते टेकडीवर गेले. रोज पहाटेची बस, मग तीन मैल चाल, डोक्याला ओलं उपरणं, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. काम पुस्तकात सांगितल्याप्रमाणे करायचं होतं. दोरीने तेहतीस फूट लांब-रुंद चौक आखायचा, त्यातलं एकूण एक झाड मोजायचं, घेर मापायचा, मग काठी भिरकावायची आणि ती जिथे पडेल तिथे पुढचा चौक. असे चाळीस चौक. झाडांवर पान नव्हतं. सालईच्या साली कागदासारख्या सुटून वाऱ्यावर फडफडत होत्या. धावडे पांढरेफटक. मधे मोई, खैर, कुडा, चारोळी, एखादा खुरटा सागवान. खाली जमीन काळी, कारण गुराख्यांनी नव्या गवतासाठी चैत्रात आग फिरवली होती. चालताना पायाखाली राख उडायची.

टेकडीवर दुसरा माणूस एकच होता. माणिक. पन्नाशीचा, काटक. सालईला आणि धावड्याला चीर पाडून डिंक गोळा करायचा आणि भैरवगढच्या छिप्यांना नेऊन द्यायचा. त्यांना छपाईच्या रंगात तो लागतो. श्रीपादराव दोरी आखायला लागले की तो सावली नसलेल्या झाडाच्या सावलीत उकिडवा बसून पाहायचा.

"मास्साब, खाट बुनोगा काँई?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"नाही, नाही. पेड़ गिनता हूँ."

"गिन के काँई करोगा?"

हे सांगणं अवघड होतं. श्रीपादरावांनी "सरकार को बताऊँगा" एवढंच सांगितलं. माणिकने मान हलवली. सरकारला झाडं मोजून हवी आहेत, असतील बापडी. त्यानंतर तो दोरीचं एक टोक धरायला लागला. चाळीस चौकांतली एकवीस टोकं त्याने धरली असतील. श्रीपादराव त्याच्याशी फारसं बोलले नाहीत. माणसाशी काय बोलावं हे त्यांना एरवीही सुचायचं नाही, आणि इथे तर ते मोजत होते.

तक्त्यातला शेवटचा रकाना रोपांचा होता. पुस्तक म्हणत होतं की वनाचं वय मोठ्या झाडांवरून ठरत नाही, त्यांच्या पायाशी उभ्या असलेल्या पोरांवरून ठरतं. आणि रोपं मोजायची ती पानं झडल्यावर, कारण तेव्हा खोडं साफ दिसतात. श्रीपादरावांनी राखेत गुडघे टेकून, काडी काडी पाहून रोपं शोधली. पहिल्या चौकात शून्य. दुसऱ्यात शून्य. दहाव्या चौकानंतर त्यांना वाईट वाटायला लागलं. चाळिसाव्याला त्यांनी शून्य लिहिलं तेव्हा आपल्या हातून कोणाचा तरी मृत्यू नोंदवला जातो आहे असं त्यांना वाटलं.

अहवाल त्यांनी इंग्रजीत लिहिला, नऊ पानांचा. त्यात सगळं होतं. माती वीतभर, खाली काळा दगड, कोणती झाडं किती, कोण कोणाच्या शेजारी. शेवटी एक वाक्य त्यांनी फार विचार करून घातलं. मराठीत सांगायचं तर, 'या वनात नवी पिढी उरलेली नाही.' लिहून झाल्यावर ते त्यांनी तीनदा वाचलं. आपण इतकं ठाम वाक्य आजवर लिहिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

भय्यासाहेबांना अहवाल पसंत पडला. "वाह! असा कागद पाहिजे. एकदम साफ."

मग कॉलेज उघडलं, पाऊस लागला. श्रावणात एका दुपारी माधवनगरातल्या घराच्या ओट्यावर माणिक येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पोतं, काखेत फडक्याची गाठोडी. विनोदिनीबाईंनी त्याला आत बोलावलं तर तो दारातच बसला.

"मास्साब, पटवारी जरीब ले के फिरी रियो हे। बोल्यो के जंगल कटेगो।" तो श्रीपादरावांकडे पाहत म्हणाला. जरीब म्हणजे जमीन मोजायची साखळी. रागावलेला नव्हता, खरंच विचारत होता. "तमने लिख्यो के जंगल बाँझ हे?"

"बाँझ नाही... मैंने लिखा कि नये पौधे नहीं हैं." श्रीपादरावांचा आवाज लहान झाला. "एक भी नहीं था. तुम तो साथ में थे."

माणिकने गाठोडी सोडली आणि आतून एक रोप काढून फरशीवर ठेवलं. वर टीचभर कोवळा दांडा, त्याला पाच-सहा लुसलुशीत पानं. आणि खाली मूळ, मनगटाएवढं जाड, एखाद्या जून मुळ्यासारखं फुगलेलं. एवढ्याशा पोराला एवढं मोठं मूळ पाहून विनोदिनीबाई सुद्धा पुढे वाकल्या.

"सालर हे," माणिक म्हणाला. सालईला तिकडे सालर म्हणतात. "बैसाख में ऊपर से मरी जाय। बरसात में फेर उठे। बरस-बरस मरे, बरस-बरस उठे। जड़ मोटी हो जाय, जद माथो ऊँचो करे। या तो म्हारी छोटी छोरी की उमर की हे।"

श्रीपादरावांनी चष्मा काढून रोप डोळ्यांजवळ नेलं. मुळाच्या गळ्याशी, एकाखाली एक, जुन्या वाळलेल्या दांड्यांचे वण होते. त्यांनी मोजले. अकरा.

"तुमने तब क्यों नहीं बताया?"

"तमने पूछ्यो ई नी," माणिक म्हणाला. "म्हने सोच्यो, मास्साब पढ़्या-लिख्या हे। सूता ने नी गिनता होयगा।"

मास्तर शिकलेले आहेत, झोपलेल्यांना मोजत नसतील. विनोदिनीबाईंना हसू आलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून ते तिथल्या तिथे विरलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तब्येतीचं निमित्त सांगून ते माणिकबरोबर टेकडीवर गेले. दोन ओढे, एकात कमरेइतकं पाणी. वर पोचल्यावर त्यांना जागा ओळखू येईना. सगळी टेकडी हिरवी होती. आपला सतरावा चौक त्यांनी खैराच्या एका वाकड्या खोडावरून शोधून काढला, दोरी आखली आणि ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले. सालईची रोपं एकाहत्तर. मोईची तेवीस. सागवानाची नऊ. खाली कसल्या कसल्या नाजूक वनस्पती, ज्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, ज्या वैशाखात होत्या कुठे देव जाणे. सुरुवातीला श्रीपादरावांना फक्त आनंद झाला. लहान मुलासारखे ते या रोपाकडून त्या रोपाकडे रांगत होते, "हे बघ, हे बघ" म्हणत होते, मराठीतच. मग एकदम आठवलं की शून्य लिहून झालेलं आहे.

घरी येऊन त्यांनी पुस्तक काढलं. रोपांच्या प्रकरणात, जिथे त्यांनी स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती त्याच पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप होती. अति कोरड्या जागी ओकची रोपंही वरून जळतात आणि मुळातून पुन्हा फुटतात. अशा ठिकाणी एकाच ऋतूत मोजणी करू नये. टीप चार ओळींची होती. पुस्तक त्यांनी सहा वेळा वाचलं होतं, टीप एकदाही नाही.

भय्यासाहेबांच्या कचेरीत ते भिजलेल्या छत्रीसकट शिरले.

"चूक झाली," ते म्हणाले.

भय्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरायची थांबवली. "म्हणजे जंगल जिवंत आहे?"

"चांगलं जिवंत आहे."

"फाइल गेली रे इंदूरला. परवाच गेली." मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "काही हरकत नाही. दुरुस्तीचं पत्र दे. फाइलच्या मागोमाग पाठवतो. बस इथे, हा कागद, हा टाक. लिही."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर काय संक्रांतीला? चार ओळी लिही. रोपं आहेत, मोजणी चुकीच्या दिवसांत झाली, अहवाल परत करावा. खलास."

श्रीपादरावांनी टाक उचलला. चार ओळी. पण चार ओळींत हे कसं सांगायचं? नुसतं 'चूक झाली' म्हटलं तर कोणी म्हणेल, आधी नाही म्हणता, आता आहे म्हणता, उद्या काय म्हणाल? आकडे हवेत. एका चौकाचे आकडे पुरतील का?

"उद्या देतो," ते म्हणाले. "नीट लिहून देतो."

"उद्या नक्की?"

"नक्की."

तो उद्या यायला अकरा दिवस लागले. श्रीपादराव रोज कॉलेजातून आले की लिहायला बसायचे. आणखी चार चौक मोजून आले. मग मूळ का फुगतं, दांडा का मरतो, याचं स्पष्टीकरण आलं. मग ज्या ग्रंथाच्या आधाराने चूक झाली त्याचा उल्लेख करणं भाग पडलं, आणि ग्रंथावर आळ येऊ नये म्हणून तळटिपेचाही. एकदा 'निर्विवाद' हा शब्द घातला, दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी 'बहुतांशी' आला.

"अहो, चुकलो एवढंच लिहायचं ना?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा मुलगा सुद्धा पाटीवर लिहून दाखवतो."

"कसा चुकलो तेही सांगायला नको का? नाहीतर यावर विश्वास कोण ठेवणार?"

"आधीच्यावर ठेवलाच की."

श्रीपादरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. पत्र चौदा पानांचं झालं. भय्यासाहेबांनी ते तळहातावर तोलून पाहिलं.

"चौदा? यार श्रीपाद, अहवाल नऊ पानांचा होता!" मग त्यांचा पडलेला चेहरा पाहून म्हणाले, "बरं, बरं. पाठवतो. वरून चिठ्ठी लावतो की जरूरी आहे."

भाद्रपद गेला, आश्विन लागला. इंदूरहून काही आलं नाही. आणि ते येणार तरी कसं? राज्यच मोडायला निघालं होतं. मध्यभारत जाणार, भोपाळ राजधानी होणार, नागपूरकडचे लोक येणार, कोण कुठे जाणार याच्या याद्या रोज निघत आणि रोज बदलत. कचेऱ्यांतून दफ्तरं सुतळीने बांधून खोक्यांत भरली जात होती. ऐन दिवाळीत नवं राज्य सुरू झालं. भय्यासाहेबांच्या हातात बदलीचा हुकूम पडला, थेट छत्तीसगडातल्या रायगडला. जायच्या आदल्या दिवशी ते भेटायला आले.

"रायगड कुठे आलं रे?" त्यांनी विचारलं. "माझे पणजोबा ग्वाल्हेरच्या पलीकडे गेले नाहीत." मग उठताना म्हणाले, "तू एकदा भोपाळला जाऊन ये. पत्राने काही होणार नाही. तोंडाने बोल. बोलशील ना?"

श्रीपादराव गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या कचेरीत आपणहून गेले. भोपाळच्या त्या इमारतीत ओळीने खोल्या, खोल्यांपुढे व्हरांडा, व्हरांड्यात खोकी. ग्वाल्हेरची खोकी, इंदूरची खोकी, रीवाची, नागपूरची. खोक्यांच्या मधे एक टेबल आणि टेबलाशी प्रभाकर नावाचा हेडक्लार्क, नागपूरचा. मराठी माणूस दिसला म्हणून श्रीपादरावांना धीर आला.

"बसा बाप्पा," प्रभाकर म्हणाला. "मीच इथं पंधरा दिवसांचा आहो. सालरखेडी? हे कुठं आलं?"

श्रीपादरावांनी सांगितलं. यावेळी त्यांनी लवकर सांगितलं, पाच-सहा वाक्यांत. बोलायच्या आधी गाडीत ते घोकलंच होतं. प्रभाकर चांगला माणूस होता. त्याने शिपायाला हाताशी घेऊन तीन खोकी उपसली, धुळीने शिंकला, शिंकत शिंकत फाइल काढून आणली.

वरच हुकूम होता, एकोणतीस ऑक्टोबरचा. जुन्या राज्याने जायच्या आधी टेबलं साफ केली होती. त्या एका दिवसात तसे शे-सव्वाशे हुकूम निघाले असतील. टेकडीवरील जंगल तोडून जमीन धरणग्रस्तांना द्यावी. कारण म्हणून अवतरणचिन्हांत एकच वाक्य घेतलं होतं. 'या वनात नवी पिढी उरलेली नाही.' मातीबद्दलचं वाक्य कोणी घेतलं नव्हतं. चौदा पानांचं पत्र सर्वांत मागे टाचलेलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईत शेरा: 'सविस्तर आहे. नव्या राज्यात पाहावे.'

"आता पाहता येईल ना?" श्रीपादरावांनी विचारलं. "नवं राज्य आलं आहे."

"पाहता येईल ना. पण पाहणारा कोण?" प्रभाकरने मागच्या खोलीकडे बोट केलं. आत टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीत कोणी नव्हतं. "साहेबाची नेमणूक अजून झाली नाही. मी टिपणी लिहून ठेवतो, आजच लिहितो. पण तोड थांबवायची म्हणजे स्थगिती पाहिजे. ज्या खात्यानं हुकूम काढला ते खातं आता राहिलं नाही, आणि नवीन खातं म्हणते की जुने हुकूम जसेच्या तसे पाळा, नाहीतर गोंधळ होईल. खोटं नाही, गोंधळ होईलच."

"मी साहेब येईपर्यंत थांबतो."

"किती दिवस थांबाल मास्तर?" प्रभाकर हळू आवाजात म्हणाला. "तुमचं कॉलेज आहे ना?"

श्रीपादराव त्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत व्हरांड्यातल्या एका खोक्यावर बसून राहिले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसले. मग परत आले.

पौषात तोड सुरू झाली. श्रीपादरावांना जायचं नव्हतं, पण एका रविवारी पाय तिकडे वळलेच. सालईचं लाकूड मऊ. ती फार आवाज न करता पडत होती. धावडे मात्र कुऱ्हाडीला दाद देत नव्हते. पडलेल्या भागात ट्रॅक्टर फिरत होता आणि साखळीने खुंट उपटत होता. खुंटांबरोबर जाड, पांढुरकी मुळं वर येत होती, एकटीदुकटी नव्हे, घमेलीच्या घमेली, आणि बायका ती वेचून बांधावर ढीग घालत होत्या. वर दांडा नसलेली, झोपलेली मुळं. त्या ढिगाजवळ श्रीपादराव किती तरी वेळ उभे होते. मोजायचं त्यांनी टाळलं.

माणिक मजुरीवर होता. साखळी खुंटाला अडकवायचं काम. कोणत्या खुंटाचं मूळ कुठून कुठे गेलं आहे हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्याने लांबून रामराम केला आणि पुन्हा वाकला.

कडेला दोन बैलगाड्या सोडलेल्या होत्या. धरणाच्या गावातून आलेलं एक कुटुंब, आपला तुकडा बघायला. म्हातारा श्रीपादरावांचा कोट पाहून जवळ आला. सरकारी माणूस समजला असावा. चंबळेकाठची काळी जमीन होती त्याची, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल अशी. ती आता पाण्यात जाणार. त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरडली.

"साब, यहाँ की माटी कैसी है? गहरी है?"

वीतभर. खाली काळा दगड. पान तिसरं, ओळ सातवी. श्रीपादरावांना पानासकट आठवत होतं.

"पाऊस..." ते म्हणाले, मग हिंदीत म्हणाले, "बारिश अच्छी हुई तो..." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. म्हाताऱ्याने ते आपल्या मनाने पुरं करून घेतलं आणि समाधानाने मान डोलावली. त्याची सून गाडीतून तुळशीची कुंडी उतरवत होती.

फाल्गुनात माणिक पुन्हा माधवनगरात आला. विनोदिनीबाईंनी त्याला चहा दिला. टेकडीवरचं काम संपलं होतं, डिंक तर संपलाच होता.

"मास्साब, एक चिट्ठी लिखी दो," तो म्हणाला. भैरवगढच्या एका छिप्याला नदीवर कापड धुवायला माणूस हवा होता. तो छिपा ओळखीतल्या कोणाची तरी शिफारस मागत होता. "तमारो लिख्यो तो सरकार ने मान्यो। छीपो काँई नी मानेगो?"

श्रीपादरावांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा कुठे दिसतो का ते त्यांनी शोधलं. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. माणिक बशीतला चहा फुंकत होता.

त्यांनी कागद घेतला. 'मैं इन्हें जानता हूँ' असं लिहिलं आणि थांबले. कितपत जानता हूँ? वैशाखातले चाळीस चौक, दोरीचं एक टोक. घरी कोण आहे, छोट्या छोरीचं नाव काय, कधी विचारलं नाही. खोडलं. 'यह परिश्रमी व्यक्ति हैं' लिहिलं. मग तेही फार पुस्तकी वाटलं.

"अहो, चार ओळी हं," आतून विनोदिनीबाई म्हणाल्या. "तो चालत जायचा आहे अजून."

चार ओळी झाल्या. पाऊण तास लागला. माणिकने त्या वाचून दाखवायला सांगितल्या आणि पोथी ऐकावी तशा मान खाली घालून ऐकल्या. मग कागदाची घडी घातली, पागोट्यात खोचली आणि गेला.

पंधरा दिवसांनी श्रीपादराव काही कामानिमित्त भैरवगढकडे गेले होते, तेव्हा नदीवर तो दिसला. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून लाल छापाचं कापड दगडावर आपटत होता. त्यांना पाहून काठावर आला.

"लाग गया काम?" श्रीपादरावांनी विचारलं. "चिट्ठी पढ़ी उन्होंने?"

"नी पढ़ी," माणिक म्हणाला. त्याने दोन्ही ओले तळहात पुढे करून दाखवले, डिंकाने आणि साखळीने घट्टे पडलेले. "हाथ देख्या, बोल्या, काल से आ जाजे।"

"मग चिठ्ठी?"

"पागड़ी में हे," माणिक म्हणाला. "सम्हाल के राखी हे। कदी काम आवेगी।" आणि तो पुन्हा पाण्यात उतरला.